मध्यस्थी चालू असेपर्यंत अंतरिम पोटगी लटकलेलीच राहणार का?

चौथा मजला

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, त्यामुळे जिल्हा आणि नावं गाळतो.

बहिणीच्या नवऱ्याने क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाची याचिका टाकली आहे. बहीण सध्या आमच्याकडे, सोबत पहिलीत जाणारी भाची. समन्स मिळाल्यावर आमच्या वकिलांनी कैफियत दिली, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगीचा अर्ज दिला, उत्पन्नाचं शपथपत्रही जोडलं. इथवर सगळं वेळच्या वेळी झालं. मग कोर्टाने दोघांना मध्यस्थीला पाठवलं आणि गाडं तिथेच रुतलं.

मध्यस्थीच्या एका तारखेला नवरा येतो, पुढच्या तारखेला "ऑफिसातून रजा नाही मिळाली" म्हणून त्याचा वकील एकटाच येतो. नवरा आला तरी नवा आकडा घेऊन येतो. मागच्या बैठकीत जे मान्य होतं त्यावर या बैठकीत "आईशी बोलून सांगतो". इकडे कोर्टात पोटगीच्या अर्जाचा पुकारा झाला की समोरचे वकील उभे राहतात, "मॅडम, मॅटर मीडिएशनला आहे", आणि रोजनाम्यात ओळ पडते: मध्यस्थी अहवालाच्या प्रतीक्षेत. झालं, पुढची तारीख. दरम्यान भाचीची फी, तिच्या दम्याचं औषध, सगळं वडिलांच्या पेन्शनमधून चाललंय.

मला कळत नाही ते असं. मध्यस्थी चालू असताना पोटगीचा अर्ज ऐकायचाच नाही असा काही नियम आहे का? आम्ही "आता मध्यस्थी पुरे" म्हणालो तर जज आमच्याबद्दल वाईट मत करून घेतील का? आणि तिथे बहीण जे बोलली (ती एकदा रडत रडत "मला काही नको, फक्त सोडवा" असंही म्हणाली) ते उद्या तिच्याविरुद्ध वापरलं जाईल का?

अनुभवी लोकांनी कृपया लिहावं. "जमवून घ्या" हा सल्ला नातेवाइकांकडून मुबलक मिळाला आहे, तो नको.

कडुनिंब

नियमबियम काही नसतो हो. ज्याला द्यायचं नाही त्याच्यासाठी मध्यस्थी म्हणजे आयती मुदत. मुदतीचा अर्ज टाकला तर कोर्ट कधीतरी खर्च बसवतं, मध्यस्थीत तेवढंही नाही. शिवाय "बघा, मी तडजोडीला तयार आहे" असा सोज्वळ चेहरा फुकट मिळतो.

अबोली

चौथा मजला, बहिणीला धीर द्या. वाचनखूण साठवतेय, मैत्रिणीचं अगदी हेच चालू आहे.

काळा कोट

कुटुंब न्यायालयातच वकिली करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मध्यस्थीला पाठवलं म्हणून अंतरिम अर्ज आपोआप थांबत नाही. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ चं कलम ९ वाचा. तडजोडीचा प्रयत्न करणं हे कोर्टाचं कर्तव्य आहे, त्यामुळे मध्यस्थीला पाठवल्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण त्याच कलमात कामकाज तहकूब ठेवण्याबद्दल काय म्हटलंय ते बघा: तडजोडीची वाजवी शक्यता दिसत असेल, तर कोर्ट योग्य वाटेल तितक्या काळासाठी तहकूब ठेवू शकतं. "शकतं." आणि आधी "वाजवी शक्यता". जो माणूस एका आड एक तारखेला येतच नाही, त्याच्या बाबतीत ही शक्यता कुठून आली, एवढंच तुमच्या वकिलांनी उभं राहून विचारायचं आहे. व्यवहारात बहुतेक वेळा ते कोणी विचारत नाही. समोरचा बोलतो, आपला मान डोलावतो, बोर्ड (दिवसभराच्या प्रकरणांची यादी) मोठा असतो म्हणून कोर्टही पुढे जातं.

दुसरी बाजू भक्कम आहे. कलम २४ ला २००१ मध्ये जोडलेलं परंतुक सांगतं की नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत हा अर्ज निकाली काढावा. "शक्यतो" या शब्दाने त्यातली हवा निम्मी जाते हे खरं. म्हणून सोबत सर्वोच्च न्यायालयाचा रजनेश विरुद्ध नेहा हा ४ नोव्हेंबर २०२० चा निकाल लावा. त्यात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं, प्रतिवादीने ते जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचं, आणि शपथपत्रं आल्यावर चार ते सहा महिन्यांत अंतरिम पोटगीचा कारणांसह आदेश करायचा असं स्पष्ट लिहिलंय. शपथपत्रासाठी दोनपेक्षा जास्त वेळा मुदत मागितली आणि ते मुद्दाम चाललंय असं दिसलं, तर बचाव काढून टाकण्याचा विचार कोर्ट करू शकतं. आणि पोटगी मंजूर होते ती अर्ज केल्याच्या तारखेपासून, आदेशाच्या तारखेपासून नव्हे. हा मुद्दा मध्यस्थीच्या खोलीतसुद्धा मोठ्याने बोलावा. थकबाकीचं मीटर मागून चालू आहे हे कळलं की रजा मिळायला लागते, असा माझा अनुभव.

करायचं काय, तर एक पानी अर्ज. "मध्यस्थी चालू ठेवून कलम २४ चा अर्ज गुणवत्तेवर ऐकावा." मध्यस्थीच्या कोणत्या तारखेला कोण हजर होतं तेवढं त्यात लिहा. तिथे काय बोलणं झालं त्यातलं एक अक्षर लिहू नका. भाचीचा खर्च वेगळा दाखवा, मुलांसाठीच्या कलम २६ चा उल्लेख करा. तिच्या शिक्षणाच्या आणि खर्चाच्या अर्जालाही तोच ६० दिवसांचा हिशेब आहे.

जज वाईट मत करून घेतील का? तुम्ही मध्यस्थी नको म्हणतच नाही आहात. दोन्ही चालू द्या म्हणताय.

गुप्ततेचा प्रश्न मध्यस्थी करणाऱ्या कोणीतरी घ्यावा, इथे आहेत एक.

फुकट सल्लागार

संमतीने घटस्फोट घेऊन टाका. सहा महिने थांबलं की मोकळे. एवढा कोर्टकचेरीचा खेळ कशाला?

काळा कोट

@फुकट सल्लागार, संमतीला दोघं लागतात. धागा परत वाचा.

आणि सहा महिने थांबावंच लागतं हेही पूर्ण बरोबर नाही. कलम १३ब (संमतीने घटस्फोट) मधला, पहिल्या आणि दुसऱ्या अर्जाच्या मधला तो कालावधी माफ होऊ शकतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सांगितलंय. अटी आहेत: पहिल्या अर्जाच्या आधीच विभक्त राहण्याचं एक वर्ष आणि वर हे सहा महिने उलटून गेलेले हवेत, समेटाचे सगळे प्रयत्न संपलेले हवेत, आणि पोटगी, मुलांचा ताबा यांसारखे प्रश्न दोघांत खरोखर मिटलेले हवेत.

रविवारचा बाबा

समोरच्या बाकावरून लिहितो. मीच तो "नवरा", दुसऱ्या एका प्रकरणातला.

पोटगीला निदान कागदावर ६० दिवस आहेत. मुलाच्या भेटीच्या अर्जाला तेही नाहीत. माझा मुलगा मी घर सोडलं तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. पहिली भेट कोर्टातल्या मुलांच्या खोलीत झाली. भिंतीवर हत्ती रंगवलेला, कोपऱ्यात चाकं निघालेला प्लास्टिकचा ट्रक. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि समुपदेशक बाईंना विचारलं, "हे काका ट्रक नीट करतील का?" पुढचं लिहीत नाही.

पण कडुनिंब म्हणतात तसं सगळंच वेळकाढू नसतं. आम्हाला जे काही मिळालं ते मध्यस्थीतच मिळालं. कोर्टाने दिला असता तर "दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी भेट" एवढाच आदेश दिला असता. मध्यस्थी करणाऱ्या बाईंनी आमच्याकडून दीड पान लिहून घेतलं. मुलाला ताप असेल तर भेट रद्द, पण ती त्याच पंधरवड्यात भरून द्यायची. शाळेच्या स्नेहसंमेलनाला दोघांनी यायचं, बसायचं वेगवेगळं. फोन संध्याकाळी सात ते साडेसात, आणि फोन स्पीकरवर ठेवायचा नाही. हे शेवटचं कलम बायकोनेच सुचवलं होतं, कारण माझी आई मागून बोलायची. कुठल्या निकालपत्रात असं वाक्य येणार?

आणि हे सगळं अंतरिम होतं. घटस्फोटाचा दावा आजही चालूच आहे. बाईंनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "मोठा प्रश्न राहू दे बाजूला, येत्या रविवारी काय करायचं ते बोला." पोटगीचंही तसंच करता येतं. आम्ही हंगामी रक्कम ठरवली, "दोन्ही बाजूंच्या हक्काला बाध न येता" असं लिहून. मी भरत होतो. चौथा मजला, तुमच्या मध्यस्थांना हे विचारून बघा.

कडुनिंब

बाबा, तुम्ही भरत होतात. धागा न भरणाऱ्याबद्दल आहे.

रविवारचा बाबा

मान्य.

तिसरी खुर्ची

मला बोलावलंय म्हणून. मी प्रशिक्षित मध्यस्थ आहे, ते ४० तासांचं प्रशिक्षण करून न्यायालयाच्या यादीवर.

आधी बहिणीच्या रडण्याबद्दल, कारण मला वाटतं तुमची खरी झोप त्यानेच उडाली आहे. मध्यस्थीत बोललेलं बाहेर जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या मोती राम विरुद्ध अशोक कुमार या निकालात सांगितलंय की मध्यस्थी फसली तर मध्यस्थाने कोर्टाला एकच वाक्य कळवायचं: मध्यस्थी अयशस्वी. कोण काय म्हणालं, कोणी किती देऊ केलं, कोण अडून बसलं, यातलं काहीही अहवालात येत नाही. "मला काही नको" हे ती उद्वेगाने म्हणाली, सही करून नाही. सही झालेला समझोता तेवढा बांधतो. एक लक्षात असू द्या, विवाह समुपदेशक वेगळे आणि मध्यस्थ वेगळे. समुपदेशक कुटुंब न्यायालयाच्या कायद्याखाली कोर्टाशी जोडलेले असतात, मुलांच्या बाबतीत कोर्ट त्यांच्याकडून अहवाल मागवतं. त्यामुळे आपण कोणाच्या खोलीत बसलोय हे आधी विचारून घ्यावं.

आता वेळकाढूपणा. तो ओळखता येतो. आकडा कमी सांगणारा माणूस बहुतेक वेळा खरा असतो, घासाघीस करायला आलेला असतो. आकडाच न सांगणारा, किंवा दर वेळी खोलीत नसलेल्या तिसऱ्या माणसाच्या परवानगीवर विषय नेणारा, तो बसायला आलेला असतो. मी अशा वेळी वेगळ्या बैठकीत सरळ विचारते: आज सही करायचा अधिकार तुमच्याकडे आहे का? नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला घेऊन या. आई असेल तर आईला आणा, खुर्ची देते.

कधी कधी अडण्याचं कारण पैशाचं नसतंच. ४९८अ चा (सासरच्या छळाचा, आता न्याय संहितेचं कलम ८५) गुन्हा दाखल असेल तर तो आपसात मिटवता येत नाही, रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. नवरा म्हणतो आधी गुन्हा रद्द करा मग पैसे, बायको म्हणते आधी पैसे. दोघंही आपापल्या जागी बरोबर. त्यावर उपाय म्हणजे हप्ते बांधणं: एक भाग संमतीच्या घटस्फोटाच्या पहिल्या अर्जाच्या वेळी, एक दुसऱ्या अर्जाच्या, शेवटचा भाग गुन्हा रद्द होण्याच्या दिवशी, धनाकर्ष आधीच काढून वकिलाकडे ठेवलेला. हे सुचलं की महिनोन् महिने रुतलेली प्रकरणं एका दुपारी सुटलेली पाहिली आहेत.

मुदतीचं म्हणाल तर मध्यस्थी कायदा, २०२३ मध्ये १२० दिवस आणि दोघांच्या संमतीने आणखी ६० अशी चौकट घातली आहे. त्या कायद्यातली काही कलमंच ऑक्टोबर २०२३ मध्ये लागू झाली, म्हणून तो दाखवून लगेच हक्क सांगता येईल असं नाही. पण कोर्टाला "किती दिवस वाजवी" याचा अंदाज द्यायला आकडा कामाचा आहे.

कडुनिंब

ताई, मनापासून विचारतो, खवचटपणा नाही. "अयशस्वी" लिहून लवकर परत पाठवायला तुम्हा लोकांचा हात का अडखळतो?

तिसरी खुर्ची

कारण परत पाठवलं की पुढे काय होतं ते माहीत असतं. मुद्दे निघणार, सरतपासणी, उलटतपासणी, त्यात न्यायाधीशांची बदली. आपण अजून एक बैठक घेतली तर वाचतील असं वाटत राहतं. आणि हो, यशस्वी प्रकरणांचे आकडे सगळीकडे कौतुकाने मोजले जातात, त्याचं दडपण नसतं असं म्हणणार नाही. माझं मत विचाराल तर वेळेत दिलेला "अयशस्वी" अहवाल हेही कामच आहे. चौथा मजला, तुमची बहीण मध्यस्थांना सांगू शकते की मला पुढे बसायचं नाही. मध्यस्थी स्वेच्छेची असते, कोर्टाने पाठवलेली असली तरी.

निशाणी ५

नोकरी कोर्टाच्या कार्यालयात गेली, आता घरी असतो. वकीलसाहेब कायद्याचं सांगतात, मी टेबलावरचं सांगतो.

लोकांना वाटतं तारीख जज लावतात. बहुतेक तारखा कागद लावतो. पहिला घोळ समन्सचा. पत्ता अर्धवट, बेलिफ जाऊन येतो, "सदर इसम मिळून आला नाही" असा शेरा मारून परत. पुन्हा भत्ता भरा, पुन्हा पाठवा. समोरचा दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिकडच्या कोर्टामार्फत, मग विचारूच नका. हमदस्त, म्हणजे समन्स आपल्या हाताने नेऊन देण्याची परवानगी, मागून घ्यावं. मग वकील देण्याचा अर्ज, कारण कुटुंब न्यायालयात वकील हा हक्क नाही, कलम १३ प्रमाणे परवानगी लागते. ती मिळते, पण एखादी तारीख खाते. मग कोणीतरी प्रकरण आपल्या गावी बदलून मागतं, तो अर्ज वरच्या कोर्टात पडून, इकडे सगळे हातावर हात ठेवून.

हिंदू विवाह कायद्यात कलम २१ब आहे, नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत सुनावणी संपवण्याचा प्रयत्न करावा म्हणून. आमच्या हाताखालून गेलेल्या फायलींना हे कलम कोणी वाचून दाखवलेलं नव्हतं.

चौथा मजला, तुमच्या कामाचं एक. मध्यस्थीची तारीख आणि कोर्टाची तारीख एकाच दिवशी मागून घ्या. मध्यस्थी सकाळी, पोटगीचा अर्ज दुपारच्या सत्रात. आला तर दोन्हीकडे येईल, नाही आला तर गैरहजेरी दोन्हीकडे लागेल. आणि रोजनाम्याची प्रमाणित प्रत काढत जा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र नंबर) टाकून पुढची तारीख आणि टप्पा दिसतो, पण वरच्या कोर्टात जायची वेळ आली तर शिक्का असलेला कागदच लागतो.

अबोली

माझ्या मैत्रिणीला कोणीतरी सांगितलं की कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली वेगळा अर्ज टाक, तिथे लवकर होतं. खरं का?

काळा कोट

कागदावर खरं. २००५ च्या त्या कायद्यात पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न असं लिहिलंय. प्रत्यक्षात दंडाधिकारी न्यायालयाचा बोर्ड काही छोटा नसतो. खरोखर हिंसा झाली असेल, राहत्या घरातून काढलं असेल, संरक्षण हवं असेल, तर तो अर्ज जरूर करावा, त्यासाठीच तो आहे. निव्वळ पोटगीची दुसरी खिडकी म्हणून वापरलात तर दोन कोर्टांच्या तारखा सांभाळत बसाल. आणि एका ठिकाणी मिळालेली पोटगी दुसरीकडे उघड करावीच लागते, ती वजाही होते.

मैत्रिणीला पैशांची अडचण असेल तर सांगा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न न बघता.

चौथा मजला

सगळ्यांचे आभार. थोडं पुढचं कळवतो.

काळा कोट यांनी सांगितला तसा अर्ज आमच्या वकिलांनी दिला. आधी कुरकुरले, "कोर्टाला आवडणार नाही" म्हणाले. मग "वाजवी शक्यता"चा मुद्दा वाचून दाखवला तेव्हा म्हणाले, हे लिहू या. मॅडमनी समोरच्यांना विचारलं की शपथपत्र कुठे आहे. उत्तर: साहेबांनी नोकरी सोडली आहे, दाखवण्यासारखं उत्पन्नच नाही. मॅडम म्हणाल्या, नाही तर नाही असं शपथेवर लिहून द्या, चार आठवडे, शेवटची संधी. निशाणी ५ काकांच्या सल्ल्याप्रमाणे मध्यस्थी आणि सुनावणी एकाच दिवशी मिळाली. मध्यस्थीत बहिणीने फक्त भाचीची फी आणि औषध एवढाच विषय ठेवला आहे, रविवारचा बाबा यांचं वाचून.

आता नोकरी सोडल्याचं काय करायचं? तो घरूनच काम करतोय, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

काळा कोट

गावाला माहीत असून चालत नाही, कागदावर यावं लागतं. त्याच्या शपथपत्राची वाट बघा. तो छापील नमुना आहे: शिक्षण, आधीची नोकरी, बँक खाती, कर्जाचे हप्ते, विमा, प्राप्तिकर विवरणपत्रं, सगळं विचारलेलं आहे. उत्पन्न नाही म्हणणाऱ्याच्या खात्यातून गाडीचा हप्ता जात असेल तर तो कुठून जातो हा प्रश्न तिथेच उभा राहतो. खोटं लिहिलं तर खोट्या शपथपत्राची कारवाई मागता येते. आणि शिकलेला, धडधाकट माणूस हातचं काम सोडून बसला तर कोर्ट त्याची कमावण्याची क्षमता बघतं, नुसती पगाराची चिठ्ठी नाही.

आदेश झाला की बहिणीचा खाते क्रमांक आणि दर महिन्याची देय तारीख त्यात लिहून घ्या. थकबाकी साठवत बसू नका, एक-दोन महिने चुकले की लगेच वसुलीचा अर्ज. हे कलम २४ चं झालं. अबोली, मैत्रिणीचा पोटगीचा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ खाली, म्हणजे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली असेल, तर तिथे रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वॉरंटसाठी अर्ज करावा लागतो. तेवढं तिला आजच सांगा.

अबोली

सांगितलं. तिचे अकरा महिने झालेत. उद्या सकाळीच वकिलांकडे जातेय.